आधी गोंड्यांची लोकर काढून ठेवा



नोव्हेंबरपासून या पानावर एकही नोंद नाही. काहींनी फोन करून विचारलं, काहींनी मेसेज टाकले, "भाऊ, वाडी विकली की काय?" वाडी विकली नाही. हात मोडला होता, उजवा. लिहिता येत नव्हतं आणि डाव्या हाताने मोबाईलवर टायपायचा कंटाळा. आता एप्रिल उजाडलाय, उकाडा वाढलाय, आणि अशा दिवसांत मी लोकरीच्या मफलरवर लिहायला बसलोय. हसा खुशाल. पण पूर्ण वाचा, त्यात शेतीचंही आहे.

आधी पडलो कसा ते सांगतो, कारण चूक माझी आहे आणि ती याच पानावर लिहिलेली आहे. जूनच्या नोंदीत मी लिहिलं होतं : "विहिरीजवळचं जुनं झाड, पूर्वेकडची फांदी, खोडकिडा. भुसा पडतोय. पावसाआधी छाटणे." फोटो पण टाकला होता. तुम्ही खाली उपायही सांगितले होते, जाळी साफ करून भोकात तार घाला, बोळा कोंबा, चिखलाने बंद करा. मी तार घातली, बोळा कोंबला. छाटायचं तेवढं राहिलं. पाऊस लागला, मग भात, मग गणपती, मग दिवाळी. दिवाळीनंतर तोडणीला माणूस कमी पडला म्हणून मी स्वतः चढलो आणि पाय ठेवला तो नेमका त्याच फांदीवर.

चिकूचं झाड बाहेरून हिरवंगार दिसतं. आत पोखरलेलं असलं तरी पान लवकर सुकत नाही. फांदी मोडली तेव्हा आवाज पण फार झाला नाही. दहा-बारा फुटांवरून खाली, हात टेकवून पडलो. मनगटाचं हाड मोडलं. आमच्या वाडीत वीस वर्षं काम करणारे काका आहेत, त्यांनी स्वतःच्या खांद्यावरचा टॉवेल काढला, माझा हात गळ्यात बांधला आणि रिक्षा बोलावली. आशागडहून डहाणू काही लांब नाही, पण त्या दिवशी रस्त्यातला एकेक खड्डा मोजून झाला.

सहा आठवडे प्लास्टर. ते डिसेंबरच्या शेवटी निघालं तेव्हा वाटलं, सुटलो. प्रत्यक्षात खरी गोष्ट तिथून सुरू झाली. हाड जुळलं होतं, पण बोटं माझी नव्हती. मूठ मिटेना. अंगठा तर्जनीला टेकेना. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा. शर्टाचं बटण बायको लावून द्यायची. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी रबरी चेंडू दिला, दिवसातून पाच वेळा दाबा म्हणाल्या. दोन दिवस दाबला, तिसऱ्या दिवशी चेंडू कुत्र्याने पळवला आणि मला खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

ज्यांना माझं काम माहीत आहे त्यांना हे कळेल की मला कसली भीती बसली होती. मी कलमं बांधतो. कालीपत्तीची कलमं, रायणीच्या खुंटावर, भेट कलम. वडिलांनी शिकवलेलं काम आहे. रायणीचं रोप पिशवीसकट मातृवृक्षाच्या फांदीजवळ टेकवायचं, दोघांची साल सारख्या लांबीची, सारख्या खोलीची काढायची, काप एकमेकांवर बसवायचे आणि पट्टी गुंडाळायची. सगळा खेळ अंगठा आणि तर्जनीचा. काप जरा खोल गेला तर रोप मोडतं, उथळ गेला तर सांधा धरत नाही. सुरी धरायची तीच दोन बोटं बधिर. रात्री झोप लागत नसे. वाडी ठेक्याने देता येते. दिलीही, हंगाम सुरू असताना आणि हात गळ्यात असताना जो भाव मिळतो त्या भावाने. पण हात ठेक्याने घेता येत नाही.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं बाकी आहे. ती संध्याकाळी ओटीवर बसते. एक दिवस मी चेंडूशिवाय नुसताच बसलो होतो, तर म्हणाली, "तुझ्या हाताला काम नाही म्हणून तो आखडलाय. चेंडू दाबून काय होणार? त्याला शेवटी काही दिसत नाही." आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून दोन सुया घेऊन आली. "विण."

मी म्हटलं, "आई, मी?"

"का? तुला दोन हात आहेत ना?"

आई विणायला शिकली १९६२ साली. चीनचं युद्ध चालू होतं, ती बारा वर्षांची. तेव्हा देशभर बायका-मुली जवानांसाठी स्वेटर, मोजे, मफलर विणून पाठवत होत्या. आईच्या शाळेतही बाईंनी मुलींना लोकर वाटली. ज्यांना येत होतं त्या मोठ्या मुली स्वेटरला बसल्या. ज्यांना काहीच येत नव्हतं त्यांना मफलर. कारण मफलर म्हणजे सरळ पट्टी. वाढवणं नाही, घटवणं नाही, गळा नाही, बाही नाही. एकच टाका शिकायचा आणि तोच शेवटपर्यंत. आई म्हणते, "माझा कुठल्या जवानाला मिळाला असेल कुणास ठाऊक. वाकडा होता. पण ऊब वाकडी नसते."

तर मला पण मफलर दिला, बिनकामाच्या मुलींच्या रांगेतला.

सुया आणि लोकर

डहाणूच्या बाजारातून बायकोने लोकर आणली. जाड, राखी रंगाची, पन्नास ग्रॅमचे चार गुंडे. आपण लोकर म्हणतो, पण दुकानात मिळते त्यातली बरीचशी मेंढीची नसते, ॲक्रिलिक असते. धुवायला सोपी, चावत नाही, स्वस्त. घाटावरून मेंढ्या घेऊन उतरणाऱ्या धनगरांच्या खांद्यावरची घोंगडी ही खरी लोकर, दख्खनी मेंढीची. ती भरड असते, टोचते, म्हणून तिची घोंगडी होते, गळ्यातला मफलर होत नाही.

सुया सहा नंबरच्या. इथे एक गंमत कळली. सुयांचा नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. आठ नंबर म्हणजे चार मिलिमीटर, दहा नंबर म्हणजे सव्वातीन. मी म्हटलं हे तर आपल्या तारेच्या गेजसारखं झालं. कुंपणाला तार घ्यायला जातो तेव्हा आठ गेज जाड आणि चौदा गेज बारीक. माप लावून पाहिलं तर आठ गेजची तार आणि आठ नंबरची सुई जवळजवळ सारखीच जाड. आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग तारेने विणणार आहेस का?"

टाके घालायचं काम पहिल्या दिवशी आईनेच केलं, डोळे मिटून. तीस टाके. साधारण वीतभर रुंदी होते. मग सुलट टाका शिकवला. चार हालचाली : सुई आत, लोकर सुईभोवती, फास बाहेर, जुना टाका खाली. बास. दोन्ही बाजूंनी सुलटच विणायचं. उलट टाक्याच्या भानगडीत पडायचं नाही. असं विणलं की पट्टी दोन्ही अंगांनी सारखी दिसते, कडा वळत नाहीत आणि नवशिक्याला दुसरं काही लक्षात ठेवावं लागत नाही. दोन ओळी झाल्या की आडवी एक उंच रेघ उमटते, वरंब्यासारखी. ओळी मोजण्यापेक्षा वरंबे मोजणं सोपं.

पहिली ओळ, तीस टाके, वीस मिनिटं. घाम फुटला. कलमाची सुरी धरायचा हात हा, आणि एक लोकरीचा फास ओढून काढता येईना. पण एक गोष्ट झाली. चेंडू दाबताना मी घड्याळाकडे बघत असे. इथे दुसरी ओळ कधी सुरू केली ते कळलं नाही.

पुरुष आणि विणणं

पहिले आठ दिवस मी ओटीवरून उठून आत जाऊन विणत असे. कोण येईल, काय म्हणेल. शेजारचे दादा एकदा अचानक आले, तर सुया उशीखाली. बायकोने ते पाहिलं आणि दोन दिवस हसत होती.

मग एकदा धाकट्या डहाणूला काही कामाने गेलो. बंदरावर होड्या लागलेल्या, आणि सावलीला पाच-सहा पुरुष बसलेले, पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून, चपट्या सुईने फाटलेले डोळे विणत होते. गप्पा चालू, हात चालू, नजर समुद्राकडे. त्यातले एक आजोबा सत्तरीचे असतील. त्यांना कुणी म्हणत नाही की हे बायकांचं काम. जाळं फाटलं तर मासा जातो, म्हणून विणायचं. मी बराच वेळ त्यांच्या बोटांकडे बघत उभा राहिलो. एकाने विचारलं, "काय भाऊ, जाळं घ्यायचंय?" मी म्हटलं, "नाही, हात बघतोय."

त्या दिवसापासून ओटीवर बसून विणायला लागलो.

पहिली चूक : टाके न मोजणं

दहा-बारा दिवसांनी पट्टी हातभर झाली. मला वाटलं जमलं. आईला दाखवायला घेऊन गेलो. तिने डोळ्यांनी पाहिलंच नाही, बोटं फिरवली. खालच्या टोकाला वीत टेकवली, वरच्या टोकाला वीत टेकवली. म्हणाली, "मफलर विणतोयस की पंखा?"

टाके मोजले तर सदतीस. तीसचे सदतीस झाले आणि मला पत्ता नाही. कुठून आले? आईने दाखवलं. ओळ उलटी फिरवली की लोकर सुईच्या खालून, पुढच्या बाजूला असायला हवी. ती सुईवरून मागे ओढली गेली की कडेचा पहिला टाका ताणून दोन टाक्यांसारखा दिसतो. नवशिका दोन्ही विणतो, एकाचे दोन होतात. दर ओळीला होत नाही, मधूनच होतं, म्हणून लक्षात येत नाही.

"मोजत का नाहीस?" आई म्हणाली. खरं तर मला लाज वाटली. ठिबकचे ड्रिपर मोजतो, खताच्या गोण्या मोजतो, मजुरांचे दिवस मोजतो. आणि तीस टाके दर दोन ओळींनी मोजायचा कंटाळा. पण ही चूक मोठी नव्हती. आई म्हणाली चालू ठेव, हाताला वळण लागू दे, पहिला आहे. मी कडेला दोन-दोन टाके एकत्र विणून पुन्हा तीसवर आलो आणि पुढे निघालो.

दुसरी चूक : शेवट राखून न ठेवणं

जानेवारी संपत आला होता. पहाटे वाडीत धुकं, पानांवरून दव टपटपत होतं. मला मफलर थंडीतच पूर्ण करायचा होता, काकांना द्यायचा होता. ज्यांनी स्वतःचा टॉवेल माझ्या हाताला बांधला त्यांना. हात सुटत चालला होता. ओळ तीन-चार मिनिटांवर आली होती. मी विणत सुटलो. अजून थोडा लांब, अजून थोडा लांब. चौथा गुंडा संपला तेव्हा कशीबशी टाके बंद करण्यापुरती लोकर उरली.

आईला म्हटलं, "झाला. आता गोंडे लावू."

"कशाचे लावणार?"

मी गुंड्याकडे पाहिलं. वितभर धागा.

"गोंड्यांची लोकर काढून नाही ठेवलीस?"

मला वाटलं गोंडे शेवटी लावतात म्हणजे त्यांची लोकर पण शेवटीच बघायची. आई काही बोलली नाही. मग म्हणाली, "शाळेत बाईंनी पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं. आधी गोंड्यांची लोकर कापून बाजूला बांधून ठेवा. उरलेल्यात विणा. विणणारा हात कधी थांबत नाही. तो सगळं खातो."

म्हटलं, एक गुंडा आणू. बायको तोच नंबर, तोच रंग सांगून घेऊन आली. उन्हात धरला तर तो जरा निळसर आणि आपला जरा पिवळसर. प्रत्येक घाणीचा रंग वेगळा उतरतो, म्हणून गुंड्याच्या कागदावर रंगाच्या नंबरासोबत लॉटचा नंबरही छापलेला असतो. लोकर घेताना सगळी एकदम आणि एकाच लॉटची घ्यायची. आपण बियाण्याच्या पिशव्यांवर लॉट नंबर बघतोच की. इथे बघितला नाही.

"उसव," आई म्हणाली.

मी उसवायला बसलो. महिन्याभराचं काम अर्ध्या तासात गुंड्यावर परत आलं. ते करताना मात्र एक एक आठवायला लागलं, आणि ते मफलरचं नव्हतं.

माझी वाडी वडिलांनी लावली. दहा बाय दहा मीटरवर, एकरी चाळीस झाडं. त्यातली बरीच आता म्हातारी झालीत. काही खोडकिड्याने गेलीत, काही जागा मोकळ्या पडल्यात. दर वर्षी म्हणतो, यंदा नवीन कलमं लावू. कलमं मीच बांधतो, पण सगळी विकतो, कारण गिऱ्हाईक दारात असतं आणि पैसे लागतात. स्वतःच्या वाडीसाठी म्हणून बाजूला काढून ठेवत नाही. आणि त्याच्याही मागची गोष्ट : कलमाला रायणीचा खुंट लागतो. रायण वाढायला फार सावकाश. बी पेरल्यापासून पेन्सिलीएवढी जाड व्हायला दोन वर्षं तरी जातात. म्हणजे आज कलम बांधायची इच्छा असून उपयोग नाही, दोन वर्षांपूर्वी बी पेरलेलं पाहिजे. आणि गेली दोन वर्षं मी रायणीचं बी पेरलेलं नव्हतं. विकत घेऊ, मिळतील कुठेतरी, असं म्हणत गेलो.

पैशाचंही तेच. तोडणीला एखादा जास्तीचा माणूस लावण्याइतकी रक्कम बाजूला असती तर मी दिवाळीनंतर झाडावर चढलो नसतो. सगळं येतं ते सगळं चालू हंगामात जातं. विणणारा हात सगळं खातो.

जुन्या लोकांना हे कुणी शिकवावं लागत नव्हतं. भात झोडपला की आधी बियाण्याचं कणसं निवडून, सुकवून, कणगीत वेगळं. मग खायचं. मग विकायचं. उपास पडला तरी बियाण्याला हात लावायचा नाही. आता बियाणं दुकानातून येतं म्हणून ती सवय सुटली, आणि सवय सुटली ती फक्त भातापुरती सुटली नाही.

दुसरा मफलर

उसवलेल्या लोकरीला वळ्या पडलेल्या असतात. तशीच विणली तर टाके वेडेवाकडे दिसतात. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी केली, चार ठिकाणी सैल बांधली, कोमट पाण्यात बुडवली आणि सावलीत टांगली. खाली पान्याचं वजन लावलं. दुसऱ्या दिवशी सरळ.

मग आईने सांगितलं त्या क्रमाने केलं. ज्यांना करायचा असेल त्यांच्यासाठी लिहून ठेवतो :

१. दोनशे ग्रॅम जाड लोकर, एकाच लॉटची. सहा नंबरच्या सुया.

२. सगळ्यात आधी गोंडे. सोळा सेंटिमीटरचा पुठ्ठा घ्या, त्याच्याभोवती लोकर गुंडाळा, एका बाजूने कापा. बत्तीस सेंटिमीटरचे धागे होतात. एका गोंड्याला तीन धागे, एका टोकाला पंधरा गोंडे, दोन टोकांचे तीस. म्हणजे नव्वद धागे. मोजून, बांधून, पेटीत टाका. विसरून जा.

३. तीस टाके घाला. सैल घाला, घट्ट घातले तर कड आखडते.

४. सगळ्या ओळी सुलट. दर दुसऱ्या ओळीला टाके मोजा. तीसच असले पाहिजेत.

५. टाका निसटून खाली ओघळला तर घाबरू नका. तो शिडीसारखा एकेक पायरी खाली जातो. क्रोशाच्या सुईने तळापासून एकेक पायरी वर आणा. दिसल्याबरोबर करा. चार ओळींनंतर दिसला तर चार पायऱ्या, चाळीस ओळींनंतर दिसला तर चाळीस.

६. पाच फूट झाला की थांबा. माझे दोनशे चाळीस वरंबे झाले, म्हणजे चारशे ऐंशी ओळी. टाके सैल बंद करा.

७. गोंडा लावायला तीन धागे दुमडा, क्रोशाने दुमड कडेतून ओढून घ्या, शेपट्या त्या फासातून घाला आणि ओढा. झाडाच्या आधाराला सुतळी दुहेरी करून अडकवतो तीच गाठ. दर दोन टाक्यांना एक गोंडा.

मी हिशेब केला. चारशे ऐंशी ओळी, ओळीला तीस टाके, म्हणजे चौदा हजार चारशे टाके. रबरी चेंडू चौदा हजार वेळा कुणी दाबला असता?

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात टाके बंद केले. पेटीतून धाग्यांची जुडी काढली. एकही धागा कमी पडला नाही. थोडीशी लोकर उरली पण. तपासणीला गेलो तेव्हा व्यायामवाल्या ताईंनी बोटं वाकवून पाहिली, मूठ मिटायला लावली. म्हणाल्या, "चेंडू नियमित दाबलेला दिसतो." मी हो म्हटलं. कुत्र्याचं नाव कशाला घ्या.

काकांनी काय केलं

थंडी सरत आली होती, पण पहाट अजून गार होती. मफलर काकांना दिला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला, ओढून पाहिला, नाकाला लावून पाहिला. "भाऊनी विणला?" म्हणून तीनदा विचारलं. मग गळ्यात घातला आणि कामाला गेले.

तीन दिवसांनी पाहतो तर गोंडे अर्धे. मला वाटलं तुटले, गाठ नीट बसली नाही. काका म्हणाले, "मीच कापले. काटक्यांत अडकतात. पंपाजवळ वाकलो तर पट्ट्याकडे जातात."

मी गप्प. नव्वद धागे मोजून कापले होते. पण माणूस बरोबर बोलत होता आणि हे मी आधी बघायला हवं होतं. पंपाचा पट्टा, पॉवर टिलर, कडबा कुट्टी, मळणी यंत्र, जे काही फिरतं त्याच्याजवळ गळ्यात लोंबणारं काहीही नको. मफलर असो, टॉवेल असो, ओढणी असो, साडीचा पदर असो. पट्ट्याने टोक पकडलं की माणसाला सोडवायला वेळ मिळत नाही. तेव्हा शेतात वापरायच्या मफलरचे गोंडे चार बोटांपेक्षा लांब ठेवू नका, आणि यंत्राजवळ जाताना तो काढून ठेवा किंवा टोकं शर्टाच्या आत खोचा. आणखी एक : ॲक्रिलिकचा मफलर घालून चुलीत, शेकोटीत वाकू नका, ते जळताना वितळून अंगाला चिकटतं. आणि फवारणीला तोंडावर मफलर बांधायची सवय असेल तर सोडा. तो औषध शोषून घेतो आणि दिवसभर नाकाजवळ ठेवतो. मास्क वेगळा, मफलर वेगळा.

घरी येऊन आईला सांगितलं की काकांनी गोंडे कापले. मला वाटलं तिला वाईट वाटेल. ती इतकी हसली की ठसका लागला. म्हणाली, "शहाणा माणूस आहे. पण कापायला होते म्हणून कापले ना?"

आता वाडीतलं

मार्चमध्ये पहिल्यांदा सुरी हातात घेतली. आधी जंगली फांदीवर काप घेतले, वीस-पंचवीस. पहिले दहा वाईट. हात थरथरत नव्हता, पण दाब कळत नव्हता. मग कळायला लागला. जुन्यातली शिल्लक रायणीची रोपं मोजली, नऊ निघाली. त्यातल्या पाचांवर भेट कलम बांधलं. अजून बांधलेलीच आहेत, सांधा धरला की नाही ते सोडवताना कळेल. सोडवणही एकदम करायची नाही, आधी अर्धा काप, मग काही दिवसांनी पूर्ण. पाचातली किती जगली ते याच पानावर लिहीन, कमी निघाली तरी लिहीन. जी जगतील ती विकायची नाहीत. पाच मोकळ्या जागा आधीच खुणावून ठेवल्यात, खुंटीला राखी लोकर बांधून. उरलेल्या लोकरीचा तेवढा उपयोग झाला.

विहिरीजवळच्या झाडाची ती फांदी बुडापासून कापली, कापावर बोर्डो पेस्ट लावली. जूनच्या नोंदीपुढे दहा महिन्यांनी "झाले" असं लिहिलं.

रायणी पिकायला लागल्यात. पोरं पिवळी फळं खाऊन बिया अंगणात थुंकतात, मी मागून गोळा करत फिरतो. रायणीचं बी ताजं पेरलेलं बरं, ठेवून ठेवून उगवण कमी होते. यंदा दोनशे पिशव्या भरायच्या ठरवल्यात. त्यातल्या चाळीस आधीच वेगळ्या रांगेत लावणार, माझ्या वाडीसाठी. बाकीच्या विकायच्या. दोन वर्षांनी खुंट तयार होतील. तेव्हा आई शहात्तरची असेल. तिने आत्ताच सांगून ठेवलंय की पहिलं कलम तिच्या समोर बांधायचं, आणि त्याआधी दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन उरकायचं. त्याचे पैसे मात्र यंदा आधी बाजूला काढलेत. चिकूची पहिली पट्टी आली त्याच दिवशी, पाकिटात घालून, त्याच पत्र्याच्या पेटीत, सुयांच्या शेजारी.

सध्या दुसरा मफलर सुयांवर आहे, लाल रंगाचा. धाकटीला शाळेत न्यायचाय. गोंडे कापून ठेवलेत, नव्वद धागे.

तुमच्यापैकी कुणाकडे रायणीचं जुनं, भरपूर फळणारं झाड असेल तर खाली लिहा, मी बी न्यायला येईन. आणि ज्यांनी यंदा छाटायची फांदी वहीत लिहून ठेवलीय आणि अजून छाटली नाही, त्यांनी हे वाचून झाल्यावर मोबाईल खाली ठेवा आणि आधी ती छाटून या.